जलोदराच्या रुग्णास ताप आला तर

यकृताचा सिरॉसिस हा दीर्घकाळ पोसला जाणारा विकार होय. यकृताचा मऊ भाग नष्ट होऊन ते निबर व गाठाळ बनते, त्यातून वाहणाऱ्या रक्तास अडथळा होतो आणि पुढे पोटात पाणी साचते. या अवस्थेस आपण जलोदर म्हणतो. मद्यपान हे त्याचे एक कारण खरे. परंतु ‘बी’ व ‘सी’ प्रकारची कावीळ आणि मधुमेह व स्थूलपणा यांच्या जोडीने यकृतात साठणारी चरबी हीही कारणे आहेत. तेव्हा असा रुग्ण दिसताच त्याच्या वर्तनाविषयी तर्क करणे न्यायास धरून नाही आणि प्रीतीसही धरून नाही.

या साचलेल्या पाण्यात कधी कधी जंतूंचा शिरकाव होतो. आतडे फुटलेले नसते, पोटास जखमही नसते. तरी आतड्यांतील जंतू बाहेर पडून त्या पाण्यात वाढतात, कारण यकृताबरोबर देहाची प्रतिकारशक्तीही क्षीण झालेली असते. हॅरल्ड कॉन या अमेरिकन वैद्याने 1964 साली या दाहाचे सविस्तर वर्णन केले. त्याचे लक्षण नेहमीच ठळक नसते. कोणास ताप येतो, कोणाचे पोट दुखते. कोणी केवळ गुंगीत जातो, असंबद्ध बोलू लागतो, किंवा त्याची लघवी कमी होते. घरची माणसे मात्र “अशक्तपणा आहे, झोपू द्या” असे म्हणून वाट पाहतात. घात होतो तो येथेच.

निदान सोपे आहे. बारीक सुईने पोटातील थोडे पाणी काढून तपासतात. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी 250 किंवा अधिक आढळल्यास जंतूंचा अहवाल येण्याची वाट न पाहता प्रतिजैविक औषध सुरू करतात. ही तपासणी पहिल्या बारा तासांत व्हावी, असे तज्ज्ञांचे सांगणे आहे. शिरेतून अल्ब्युमिन दिल्यास मूत्रपिंडांचे रक्षण होते, हे स्पेनमध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. एकदा झालेला दाह पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो. म्हणून पुढेही वैद्यांच्या देखरेखीत राहावे लागते.

बहुधा हे जंतू आतड्यांतील नेहमीचेच असतात. क्वचित मात्र निराळे जंतू आढळतात. लिस्टेरिया हा त्यांपैकी एक. तो न तापविलेल्या दुधातून व त्याच्या चीजमधून येऊ शकतो, शीतकपाटातही वाढतो, आणि या दाहावर सामान्यतः प्रथम दिले जाणारे सेफोटॅक्झिमसारखे औषध त्यास लागू पडत नाही, ॲम्पिसिलिन पडते. पाश्चुरेला हा जंतू मांजरा-कुत्र्यांच्या तोंडात असतो व ओरखड्यातून किंवा चाव्यातून शिरतो. उबदार खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस कच्च्या कालवांतून अथवा पायाच्या जखमेतून शिरतो आणि अशा रुग्णास फार थोड्या वेळात प्राणघातक ठरतो. गोव्यासारख्या किनाऱ्यावरील कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणून गृहिणींनी व घरातील कर्त्या मंडळींनी एवढे करावे: रुग्णास दूध उकळून द्यावे, मासळी व कालवे पूर्ण शिजवून द्यावीत, त्याच्या जखमा झाकाव्यात, वैद्यांस विचारल्यावाचून वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. मांजराचा ओरखडा, कच्चे दूध, समुद्रस्नान यांपैकी काही घडले असल्यास ते वैद्यांस आवर्जून सांगावे. क्षुल्लक वाटणारी ही माहिती योग्य औषधाची वाट दाखवू शकते. आणि ताप, पोटदुखी वा भ्रम दिसताच त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

धर्मगुरूंसही अवश्य बोलवावे. रुग्णाभ्यंगाचा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही, तो आजाऱ्यास बळ देण्यासाठी आहे. परंतु धर्मगुरू आले म्हणून वैद्यांस थांबवू नये. सिराखच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय प्रार्थना आणि वैद्य या दोहोंस एकाच ठिकाणी मान देतो. आपल्या घरातील जलोदराच्या रुग्णासही ही दोन्ही साहाय्ये वेळेवर मिळावीत.