बायकामुलांसह जहाजावर

खारबाव स्टेशनात दिव्याच्या गाडीची वाट बघताना शेजारच्या काकांनी विचारलं, "मालवाहू जहाजावर घरच्यांना नेता येतं का रे?"

येतं! कंपनीची परवानगी हवी. सोय बहुतेक अधिकाऱ्यांनाच. खलाशांना नाही, हे मला पटत नाही.

कुटुंबाचं नाव 'सुपरन्यूमररी' (जादा व्यक्ती) म्हणून जहाजाच्या यादीत चढतं. पासपोर्ट, मेडिकल लागतंच. आफ्रिकेकडे जायचं तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी. २०१६पासून तिचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं.

देश बरेच लागतात, पण उतरायचं तर तिथल्या परवानगीचा, व्हिसाचा प्रश्न. माझ्या लेकीने १९३ किलोमीटरचा सुएझ कालवा जहाजाच्या ब्रिजवरूनच (जहाज चालवतात त्या खोलीतूनच) पाहिला: एकीकडे हिरवी शेतं, दुसरीकडे सिनाईचं वाळवंट. खाली उतरणं नाहीच.

कुणी निघणार असेल तर बिनधास्त विचारा.