ढग काळा, पण थेंब केवढा?

आभाळ गच्च भरतं अन् न बरसताच जातं. बऱ्याचदा थेंबच बारीक असतात. ढगाच्या माथ्यावरच्या थेंबांची त्रिज्या साधारण १४ मायक्रॉनपुढे गेली की ते एकमेकांत मिसळून पाऊस धरतात. धूर-धुळीच्या हवेत ते बारीकच राहतात.

हे माप उपग्रह उन्हावरून काढतो. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बारीक थेंब जास्त परतवतात, मोठे थेंब जास्त शोषतात. आपल्या इन्सॅट-३डीआरवर १.६ आणि ३.९ मायक्रॉनचे असे चॅनेल आहेत. रात्री ऊन नाही, म्हणून ही मोजणीही नाही.

खालून दिसणारा काळेपणा फक्त ढगाची जाडी सांगतो. त्यावर विसंबून पेरू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेली, की मगच चाड्यावर मूठ धरा.