पन्हाळ्याची हवा पाहुण्याला, पावसाळा राहणाऱ्याला

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात अंगाची लाही होत असते, आणि त्याच संध्याकाळी पन्हाळ्यावर तटाला टेकून बसलेला माणूस शाल शोधत असतो. तुम्ही या भागातले, तुम्हाला हे नवं नाही. कारणही साधं आहे. गड कोल्हापूर शहरापेक्षा सुमारे चारशे मीटरने उंच आहे. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंडावते, म्हणजे इथे अडीच अंशांचा फरक नुसत्या उंचीचा. त्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो, मग मे महिन्यातही पंख्याची आठवण राहत नाही.

या हवेसाठी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना पाहायचा, तबक उद्यानात पोरं खेळवायची, झुणका-भाकर खायची आणि दिवेलागणीला खाली उतरायचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. गर्दी वाढायचीच.

पण मंडळी, दुसरा आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत पन्हाळा नगरपरिषदेची लोकसंख्या होती ३,१२१. त्याआधीच्या जनगणनेत ती याहून जास्त होती. ज्या गावाची हवा साऱ्या जिल्ह्याला हवी, त्या गावातली माणसं मात्र कमी होत गेली. असं का व्हावं?

पहिलं कारण पाऊस. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. पन्हाळा या दोहोंच्या मध्ये, पण डोंगरमाथ्यावर. जून ते सप्टेंबर धुकं, ओल, भिंतींना बुरशी, न वाळणारे कपडे. पाहुण्याला ते धुकं फोटोत छान दिसतं. चार महिने त्यात संसार करणाऱ्याला विचारा.

दुसरं कारण त्याच पावसाच्या पोटातलं. गडाचा माथा जांभ्याचा. जांभा पाणी पितो. ते खाली मुरत जातं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि वाट मिळेल तिथे झरा होऊन फुटतं. याच मुरलेल्या पाण्यावर गडावरच्या विहिरी चालल्या. सोमाळे आणि सादोबा तळी, तीन मजली अंधारबाव ही त्या काळातल्या लोकांची पाण्याची समज होय. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने सोसला गेला, त्यामागे गडावरचं पाणी आणि धान्यही होतं. पण हेच पाणी उतारावरची माती सैल करतं. जुलै २०२१ मध्ये गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, पोर कोल्हापुरात कॉलेजला जातं किंवा रोज दूध खाली न्यायचं असतं, त्या घराने हवा कितीही गोड असली तरी काय करावं?

तिसरं कारण कायद्याचं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते, अशी २०१० ची दुरुस्ती आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही अर्ज आलाच. वारसा जपायला नियम हवेत, यात वाद नाही. पण भाऊ वेगळे झाले, एक खोली वाढवायची आहे, तर ती कुठे वाढवायची? याचं उत्तर मिळत नाही तेव्हा माणूस मुकाट्याने खाली भाडोत्री घर बघतो.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय? गडावर जागा उरली नाही, तेव्हा पुढची गर्दी तुमच्या गावात येणार आहे. म्हाळुंगे, मसाई पठार आणि तिथून पावनखिंडीपर्यंतच्या वाड्या या वाटेवर आहेत. दर जुलैत १२-१३ तारखेच्या सुमारास पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला राज्यभरातून पोरं येतात. त्यांची श्रद्धा खरी आहे, चालणंही खरं आहे. पण नेमकी तीच वेळ भाताच्या लावणीची. चिखलात बांध तुटतात, प्लास्टिक ओढ्यात जातं, आणि शौचाला जागा नसली की कोणाचं तरी शेत सापडतं. सप्टेंबरात पठारावर फुलं येतात तेव्हा मोटारी थेट फुलांवर. मसाई पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं आहे, पण आपली जनावरं कुठे चरतात आणि गाड्या कुठे थांबाव्यात हे पाटीपेक्षा गावालाच जास्त कळतं.

जमिनीला गिऱ्हाईक आलंच असेल. ‘व्ह्यू’ असलेला उताराचा तुकडा हवा असतो. विकायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र तो उतार यंत्राने कापला की वरचं पाणी कुठे जाईल आणि खालचा झरा कोणाचा आहे, हे ग्रामपंचायतीने परवानगीआधी उन्हाळ्यात जाऊन बघावं. मे महिन्यात झऱ्यावर किती हंडे भरतात, ते मोजून वहीत लिहून ठेवा. हॉटेलाच्या बोअरनंतर भांडायला तेवढाच कागद उपयोगी पडेल.

जमीन राखूनही कमाई होते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात छोट्या शेतकऱ्यालाही नोंदणी करता येते. साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या वन विभागासोबत प्रवेश शुल्क घेतात आणि गाड्या लांब उभ्या करायला लावतात. तिथेही कुंपणावरून, चराईवरून वाद झाले, सगळं सुरळीत झालं असं नाही. पण पैसा आणि निर्णय काही अंशी गावात राहिला. आपल्याकडे ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ कलमात यात्रेकरूंवरील कराची तरतूद आहे. ती मोहिमेच्या वाटेवर कशी लागू होईल, हे ग्रामसेवकांनी विस्तार अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये.

निदान फिरती शौचालयं, कचऱ्याची पोती आणि बांधावरून जायची एकच ठरलेली वाट एवढं तरी शुल्कातून व्हावं. हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या. जुलै उजाडला की लावणीच्या घाईत सभेला कोरमसुद्धा भरत नाही.