पिकअपचं नाक वर उचलायचं, पण कसं?

आजचा विषय तुम्ही बरेच दिवस मागताय. पिकअपचा पुढचा भाग वर घ्यायचा आहे, दोन इंच, तीन इंच, आणि बाजारात पाच तऱ्हेचे 'किट' दिसतात. त्यातलं सुरक्षित कोणतं?

मी बोलतोय जबलपूरच्या सदरमधून, म्हणजे छावणीच्या बाजारातून. उंच गाड्यांचं वेड इथे नवं नाही. १९६९ साली सुरू झालेल्या इथल्या वाहन निर्माणीत निसानच्या परवान्यावर जोंगा बनायची, आणि तिच्या नावातला 'ज' हा आपल्या जबलपूरचाच. १९९९च्या सुमारास ती बंद झाली, पण लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा अजून धावताना दिसतात. त्या उंच दिसतात म्हणून नव्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉसवाल्याला वाटतं, आपलीही तशीच करू. इथेच घोळ होतो, कारण दोन्हींचं पोट वेगळं आहे.

जोंगाला पुढेही अखंड अ‍ॅक्सल आणि कमानीचे पाटे. हायलक्स आणि व्ही-क्रॉसला मागे पाटे, पण पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र: वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट. आपली गाडी कोणती, हे खाली वाकून बघा. मगच किटचं नाव काढा.

त्याच्याही आधी एक काम. टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, सपाट जमिनीवर, गाडी रिकामी ठेवून. डावी-उजवीत फरक असेल, किंवा कंपनीच्या मापापेक्षा गाडी खाली बसलेली असेल, तर तुम्हाला लिफ्ट नकोच आहे, नवी स्प्रिंग हवी आहे. आणि पिकअपचं नाक मुळातच थोडं खाली असतं, ते मुद्दाम. मागे माल भरला की शेपूट बसते आणि गाडी सपाट होते. रिकामी गाडी सपाट केलीत, तर बरगीच्या रस्त्याला पाच-सहाशे किलो टाकून निघाल्यावर नाक आभाळाकडे, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत आणि पुढच्या टायरवर वजन कमी. रोज माल वाहणाऱ्याने हा उद्योग करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता स्वतंत्र चाकांची गाडी. सगळ्यात स्वस्त म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा स्पेसर. स्ट्रट आर्मच्या टोकाला नसून मध्ये कुठेतरी टेकलेला असतो, म्हणून स्पेसर जेवढा जाड, त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट गाडी उचलली जाते. २५ मिलिमीटरच्या चकतीने ४० ते ५० मिलिमीटर. लोक इथेच फसतात, दोन इंच हवे म्हणून दोन इंची चकती मागवतात. या स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, हा फायदा. तोटा असा की खड्ड्यात चाक लटकलं की आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खाली जातो. बॉल जॉइंट शेवटाला टेकतो, फोर बाय फोर असेल तर ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट नको त्या कोनात फिरतो आणि त्याचा रबरी बूट फाटतो. उलट जोराचा आपटा बसला, तर रबरी स्टॉपर लागायच्या आधीच शॉकअब्सॉर्बर आतून टेकू शकतो.

दुसरा स्पेसर स्प्रिंगच्या वर, पण स्ट्रटच्या आत बसतो. यात स्ट्रटची लांबी तीच राहते, स्प्रिंग मात्र आधीच दाबून बसवलेली असते. सांधे मर्यादेत राहतात. पण गाडी उभी असतानाच स्ट्रट जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो, खाली जायला जागाच उरत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्याला 'ठक्'. टॉर्शन बारच्या जुन्या गाड्यांत बोल्ट आवळून नाक वर करतात, त्याचंही असंच होतं.

मी सुचवतो तो तिसरा मार्ग: गाडीच्या वजनाला जुळणारी स्प्रिंग आणि तिच्याच जोडीचा शॉकअब्सॉर्बर, असा पूर्ण स्ट्रट. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलं असेल तर ते वजन दुकानदाराला सांगा. स्प्रिंगचा कडकपणा त्यावर ठरतो. महाग आहे, कबूल. आणि याने सांध्यांचे कोन सुटत नाहीत, ते उंचीबरोबर वाढतातच. म्हणून डिफरन्शियल जागेवरच ठेवून साधारण दोन इंचांच्या पुढे जाऊ नका. चार-सहा इंचांसाठी चासीचे ब्रॅकेट कापावे लागतात. ते मी करत नाही, करायलाही सांगत नाही.

जोंगावाल्यांसाठी थोडं. अनेक गाड्यांत नंतर डिझेल इंजिन बसवलंय, ते जड असेल तर पाटे बसतात. नवे, योग्य बाकाचे पाटे भरून घ्या. जुने पाटे भट्टीत लाल करून वाकवणारे भेटतील, पण तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो. लांब शॅकलने उंची मिळते, पण अ‍ॅक्सल फिरतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर कमी होतो, म्हणजे स्टीअरिंग आपोआप सरळ येण्याची सवय जाते. आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर पाट्याखाली ठोकळे कधीही नाहीत. ब्रेक दाबला की अ‍ॅक्सल पीळ खातो आणि ठोकळा निसटला तर चाकच जागेवर राहत नाही. यू-बोल्ट सोडले की नवेच घाला.

घरच्या अंगणात हे करणाऱ्यांना हात जोडून सांगतो: स्ट्रटचा वरचा मधला नट, स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय, सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जातो. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लावा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक शब्दांत उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. उंची बदलायच्या आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघात झाल्यावर 'कोणी सांगितलंच नाही' हे चालत नाही.

काम झाल्यावर चाकं हवेत लटकवा आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणली जातेय का ते बघा. वरचा आर्म स्प्रिंगला घासत असेल तर स्पेसर काढा, सबब नको. मग अलाइनमेंट. नुसता टो नव्हे, कॅम्बर आणि कॅस्टरही छापील कागदावर मागा, आणि कॅस्टर मर्यादेत येत नसेल तर वेगळा वरचा आर्म लागेल. हेडलाइट खाली करा. मागचा भागही उचलला असेल तर ब्रेकचा वजन ओळखणारा व्हॉल्व्ह बघा. अ‍ॅक्सलपासून अंतर वाढलं की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे, मोजमाप लिहून ठेवलेला कागद गाडीतच ठेवायचा.