निवांत उपनगर टिकतं कशावर?

विलेपार्ले स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की पहिली पाच मिनिटं अस्सल मुंबईची असतात. रिक्षांची रांग, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, फळांच्या गाड्यांमधून वाट काढणारी माणसं. दोन वळणं घेतली की आवाज ओसरतो. कंपाउंडच्या भिंतीवरून आंब्याच्या फांद्या रस्त्यावर वाकलेल्या दिसतात, कुठल्याशा पहिल्या मजल्यावर कुणी पेटीवर सरगम घोकत असतं. आणि अधूनमधून डोक्यावरून विमान घरघरत जातं, कारण विमानतळ अगदी शेजारी आहे.

तरीही पार्लेकर आपल्या भागाला शांत म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० वर येते. विमान ही मर्यादा सहज ओलांडतं. म्हणजे पार्ल्याच्या शांततेचा उलगडा डेसिबलने होत नाही. इथे राहणाऱ्याला रोज दिसणारी माणसं ओळखीची असतात, लागणारं सगळं पायी गाठता येतं आणि उद्याचा दिवस कसा जाईल याची साधारण कल्पना असते. हा निवांतपणा कुणीतरी घडवला, आणि पुढेही तो कुणीतरी राखावा लागणार आहे.

आधी शाळा, मग गर्दी

पार्ले हे साष्टी बेटावरचं जुनं गाव. इथल्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १८९६ च्या प्लेगने मुंबईकरांना दाटीवाटीच्या वस्तीची धास्ती बसवली आणि माहीमच्या खाडीपलीकडे मोकळी हवा शोधणाऱ्यांचा ओघ वाढला. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली, तेव्हा फोर्टात नोकरी आणि उपनगरात घर हे गणित मध्यमवर्गाला आणखी सोपं झालं.

पार्ल्याचं वेगळेपण त्याआधीच्या काही वर्षांत आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. विजेची गाडी यायच्या आधी शाळा आणि सार्वजनिक संस्था उभ्या होत्या. १९२९ मध्ये पार्ले कंपनीचा कारखाना सुरू झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याची छावणी जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली चालली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत वाढली, तेव्हा पार्ल्याला स्वतःचा चेहरा होता. पु. ल. देशपांडे शिकले ते याच पार्ले टिळक विद्यालयात.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आज शहराच्या कडेला टॉवर आधी उठतात, ताबा मिळतो, आणि शाळा, वाचनालय, नाट्यगृह यांच्या जागा वर्षानुवर्षं जाहिरातीच्या कागदावरच राहतात. पार्ल्यात शाळा, सेवा संघाचं टिळक मंदिर, साठ्ये महाविद्यालय, दीनानाथ नाट्यगृह, मंडई आणि स्टेशन हे सगळं चालत गाठता येतं. चालणाऱ्या माणसाला वाटेत कुणीतरी भेटतं, थांबून बोलतं. वर्षानुवर्षं असं घडत राहिलं की वस्ती मुरते.

जिन्यातली ओळख

पार्ल्यातल्या जुन्या इमारती बहुतेक तीन-चार मजली, आणि कित्येकांना लिफ्ट नाही. आमचीही तशीच. दुपारी वारा यावा म्हणून आतला दरवाजा उघडा आणि बाहेरचं सेफ्टी डोअर तेवढं लावलेलं. भाजीच्या पिशव्या घेऊन वर येणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबतो. जाळीतून आतली काकू विचारते, ‘गॅसवाला आलाय का हो खाली?’ तेवढ्यात कळतं की समोरच्या आजोबांची रक्ताची तपासणी झाली, पहिल्या मजल्यावरच्या मुलीचा निकाल लागला आणि टाकीचं पाणी उद्या अर्धा तास उशिरा सुटणार आहे. सकाळची दुधाची पिशवी दहा वाजले तरी दाराच्या कडीला तशीच लटकलेली दिसली, तर कुणीतरी बेल वाजवून बघतं. या बेलसाठी कुठल्या ॲपची किंवा कमिटीच्या ठरावाची गरज पडत नाही.

पण हाच जिना सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घरात अडकवून ठेवतो. गुडघे कुरकुरू लागले की आधी संध्याकाळचा फेरफटका सुटतो, मग वाचनालय, मग देऊळ. मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत असतात. सोबतीला ब्युरोची बाई असते आणि रोजच्या ठरल्या वेळी येणारा व्हिडिओ कॉल असतो. निवांत उपनगराबद्दल लिहिताना ही बाजू सांगितलीच पाहिजे. तिथे एकदा रुजलेली माणसं सहसा जागा सोडत नाहीत, त्यामुळे वस्तीचं वय त्यांच्याबरोबर वाढत जातं.

नवी माणसं मात्र सहज येऊ शकत नाहीत. पार्ल्यात वाढलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला लग्नानंतर पार्ल्यात घर परवडत नाही. तो विरारला किंवा डोंबिवलीला जातो आणि रविवारी आईवडिलांना भेटायला येतो. शाळांच्या मराठी वर्गांतली पटसंख्या, वाचनालयाचे नवे सभासद, गणेशोत्सवात खुर्च्या मांडायला लागणारे हात, या सगळ्याचा संबंध शेवटी त्या मुलाच्या घराशी येतो.

पुनर्विकासाच्या सभेत

जुन्या इमारतींना आता पुनर्विकासाचे वेध लागले आहेत. ते स्वाभाविक आहे. छतं गळतात, पाइप गंजलेत, जिने चढवत नाहीत. ज्यांच्या घरात ताटवाट्यांबरोबर पावसाळ्यात बादल्याही मांडाव्या लागतात, त्यांना जुन्या दिवसांच्या आठवणी सांगून थांबवणं योग्य नाही.

पार्ल्याच्या काही भागांत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. विमानं जिथून उतरतात आणि चढतात, त्या मार्गाखालच्या पट्ट्याला फनेल म्हणतात. तिथे इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते. मजले वाढवता येत नसल्याने विकण्याजोगं क्षेत्रफळ कमी पडतं आणि विकासकाचं गणित बसत नाही. ज्या बंधनाने आकाश मोकळं ठेवलं, त्याच बंधनामुळे अनेक सोसायट्या मोडकळीला आलेल्या घरांत अडकल्या आहेत. उरलेल्या भागांत मात्र तीन मजल्यांच्या जागी उंच टॉवर येतात. तळमजल्यावर पार्किंग असतं, दारात सुरक्षारक्षक असतो आणि लिफ्ट थेट मजल्यावर सोडते. गुडघ्यांची सोय होते, ती व्हायलाच हवी. पण दम खायला थांबण्याची जागा जाते, आणि तिच्याबरोबर दुधाची पिशवी बघणारी नजरही.

पुनर्विकासाच्या विशेष सभांत प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती वाढणार? कॉर्पस किती? भाडं किती महिन्यांचं, किती गाड्यांचं पार्किंग? हे प्रश्न रास्त आहेत, माणसाची आयुष्यभराची पुंजी त्यात असते. सहकार कायद्याच्या ७९(अ) कलमाखालच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती लागते. म्हणजे करारात काय यावं हे ठरवण्याची ताकद सभासदांच्या हातात आहे. विकासकाशी बोलणी पक्की होण्याआधी ती वापरायला हवी.

माझी प्रत्येक सोसायटीला कळकळीची विनंती आहे की आणखी तीन गोष्टी सभेत मांडा. पहिली, तळमजला. सगळा मोटारींना देऊ नका. चार बाकं बसतील अशी सावलीची जागा आणि रस्त्याकडे तोंड असलेली दोन-तीन लहान दुकानं नकाशात मागून घ्या. लिफ्टने उतरलेले आजोबा तिथे बसले की त्यांना रोज कुणीतरी भेटेल. दुसरी, झाडं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आहे. पार्ल्याच्या कंपाउंडांतले कित्येक आंबे-फणस त्या वयाचे असतील. नकाशा काढण्याआधी त्यांची मोजणी करून घ्या, म्हणजे इमारत झाडाला वळसा घालून बसवता येईल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती सभेत क्वचितच निघते. विक्रीच्या भागात काही घरं लहान ठेवायला सांगा. विकासक मोठ्या फ्लॅटचा आग्रह धरतो, कारण मोठं गिऱ्हाईक मिळतं. पण वन बीएचके असेल तर शाळेतली शिक्षिका, बँकेत नुकता लागलेला मुलगा किंवा तरुण जोडपं निदान भाड्याने तरी इथे राहू शकेल. मुलं खेळायला खाली उतरतील, संध्याकाळी थोडा गोंगाट होईल, कुणाच्या तरी काचेवर चेंडू बसेल. तो गोंगाट आपण आनंदाने सोसला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी पार्ल्यात ज्यांनी शाळा काढली, त्यांनी ती अजून न आलेल्या मुलांसाठीही काढली होती. पुनर्विकासाच्या करारावर सही करणाऱ्यांकडून मला तेवढीच अपेक्षा आहे.