डिग्री लागली, तरी दूध खरं?

‘आज डिग्री लागली नाही,’ असं डेअरीवर ऐकलं की भाव कमी मिळणार, हे दूध घालणाऱ्याला कळून चुकतं. ही डिग्री तापमानाची नव्हे, दुधाच्या घनतेची. म्हणजे एका लिटरमागे किती वस्तुमान, त्याची. 4 अंश सेल्सिअसला लिटरभर पाणी 1000 ग्रॅम भरतं, तर गायीचं चांगलं दूध साधारण 1028 ते 1032 ग्रॅम. हजारावरचे हे 28-32 म्हणजेच लॅक्टोमीटरवरचे आकडे.

लॅक्टोमीटर स्वतःच्या वजनाइतकं दूध बाजूला सारून तरंगतो. दुधाची घनता घटली की तेवढ्याच वजनासाठी जास्त दूध सारावं लागतं, म्हणून तो खोल जातो. त्याची पट्टी उलटी असते ती यामुळेच: लहान आकडे वर, मोठे खाली. दूध काचेला धरून किंचित वर चढतं आणि आरपार दिसत नाही, म्हणून आकडा त्या चढलेल्या कडेवरच वाचायचा. 30 डिग्रीच्या नऊ लिटर दुधात एक लिटर पाणी ओतलं, की डिग्री 27च्या आसपास.

धारोष्ण दूध मात्र निर्दोष असूनही कमी डिग्री दाखवतं. ऊब असल्याने ते प्रसरण पावलेलं असतं, त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि स्निग्धांश अजून गोठलेला नसतो. तापमानाची दुरुस्ती अंशामागे साधारण 0.2 धरतात, बाकीच्यासाठी थोडा वेळ थांबणं बरं. सकाळच्या रांगेत तेवढा धीर कुणाला असतो म्हणा!

खरी गोम पुढेच आहे. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, लिटरला जेमतेम 930 ग्रॅम. साय काढली की दूध जड होतं, डिग्री 35च्या घरात जाते. अशा शंभर लिटर दुधात सोळा-सतरा लिटर पाणी घाला, लॅक्टोमीटर पुन्हा 30 दाखवेल! लबाडी दुहेरी, पण आकडा सोज्वळ. लिटरमागे वजन किती, एवढंच घनता सांगते. ते कशाकशाचं, हे तिला ठाऊक नसतं.

म्हणून जोडीला फॅट तपासतात. गर्बर पद्धतीत गंधकाम्ल प्रथिनं विरघळवतं आणि नळी यंत्रात गरगर फिरवली की मोकळा झालेला स्निग्धांश तिच्या मानेत जमतो. फॅट आणि डिग्री हाती आले की सूत्राने एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता दुधातले बाकीचे घनपदार्थ, काढता येतो. साय काढून पाणी घातलेल्या त्या दुधाचं फॅट जवळपास शून्य येतं, एसएनएफ आठच्या आत. डिग्री मात्र 30.