ओरखड्यापासून रक्तापर्यंत

गुडघा खरचटला की आई म्हणते, "आधी धुऊन टाक, नाही तर सेप्टिक होईल!" ते किती गंभीर ठरू शकते, हे अल्बर्ट अलेक्झांडर या इंग्लंडमधील पोलिसाच्या हकिकतीवरून कळेल.

त्याच्या चेहऱ्याला लहानशी जखम झाली. (गुलाबाचा काटा लागला असे सांगतात, काहींच्या मते ती बाँबहल्ल्यातली.) तिच्यातून जंतू आत शिरले, गळवे झाली, एक डोळाही काढावा लागला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याला पेनिसिलिन टोचण्यात आले आणि एका दिवसात उतार पडू लागला. पण औषध होते चिमूटभर! लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन गाळून पुन्हा टोचले, तरी पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो दगावला.

असे का होते? जंतू एकाच जागी असतात तोवर श्वेतपेशी तिथेच झुंजतात. म्हणून जखम लाल, गरम होते. तीच झुंज शरीरभर भडकली की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते, रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंड, मेंदू यांना प्राणवायू पुरत नाही. गंमत नव्हे, पण खरे: नासधूस नुसते जंतू करीत नाहीत, आपल्याच शरीराचा बेभान प्रतिकारही करतो.

घड्याळ लावून घरातल्या कोणा मोठ्या माणसाचे श्वास मोजा. स्वस्थ बसलेला असेल तर मिनिटाला साधारण १२ ते २० भरतील. न्यूमोनिया झालेल्या किंवा जखम पिकलेल्या मोठ्या माणसाचे श्वास २२ किंवा अधिक झाले, तो बरळू लागला, हातपाय गार पडले, लघवी फारच कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा. ताप असतोच असे नाही. म्हाताऱ्यांचे व तान्ह्या बाळांचे अंग कधी उलट गारच पडते.

तेथे आधी तपासणीसाठी रक्त घेतात आणि लगेच शिरेतून प्रतिजैविक देतात. रक्तदाब कोसळला असेल तर तासाभराच्या आत. जोडीला सलाईन आणि गरजेप्रमाणे प्राणवायू. तरीही दाब सावरला नाही तर नॉरॲड्रेनॅलिन. कुठे गळू असेल तर ते चिरून पू काढावाच लागतो. रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढून ओळखू यायला एक-दोन दिवस जातात. तेवढे थांबणे परवडत नाही, म्हणून पहिले औषध अनुभवाने निवडतात आणि जंतूचे नाव कळले की नेमके औषध सुरू करतात.